'कितेंच ना' म्हणणाऱ्या पोराच्या घरी पहिलीचा वर्ग कसा पोचवावा

सहा वर्षांच्या पोराला घरी कोणीही विचारलं, "आयज शाळेंत कितें केलें?" तर उत्तर ठरलेलं असतं: "कितेंच ना." म्हणजे काहीच नाही. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या मराठी शाळेतली बहुतेक मुलं घरी कोकणीत बोलतात, म्हणून हे उत्तर कोकणीत येतं. मराठीत आलं असतं तरी वेगळं आलं नसतं. त्या दिवशी त्याने चिंचोके मोजलेले असतात, 'म'ची गाठ उलटी काढलेली असते, शेजारच्याशी कट्टी करून मधल्या सुट्टीत पुन्हा बट्टी केलेली असते. पण "काय केलंस" हा प्रश्नच त्याच्यासाठी फार मोठा. सुरुवात कुठून करायची ते त्याला कळत नाही. घरचे मात्र समजतात की शाळेत काही चालतच नाही.

पहिलीला शिकवताना मी या "कितेंच ना"शी बरीच वर्षं झगडले. शेवटी एक गोष्ट कळली. घरी नुसती बातमी पाठवून भागत नाही, पोराला उत्तर देता येईल असा प्रश्न पाठवावा लागतो. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यातूनच आल्या आहेत. लेख शिक्षकांसाठी आहे; पालकांनी वाचून शाळेत दाखवला तरी चालेल. आणि घरी असं कळवणं ही शिक्षकाची मेहेरबानी नव्हे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणं हे त्यांतलंच एक.

१. निरोप नेमका कोणाकडे जातो ते आधी शोधा

जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलामागे एक कार्ड करा. त्यावर आईवडिलांची नावं आणि फोन तर येतीलच, पण खरी माहिती वेगळीच असते. मुलाला शाळेत कोण सोडतं? दुपारी जेवायला कोण वाढतं? संध्याकाळी पाटी घेऊन कोण बसतं? फोन कोणाचा, आणि तो दिवसा घरात असतो की कामावर जातो? घरात मराठी कोण वाचतं? कन्नड वाचणारं आणि हिंदी बोलणारं घर असेल तर तेही लिहा. बांधकामावर आणि काजूच्या कारखान्यांत आलेल्या कुटुंबांची मुलं आता गोव्यातल्या कितीतरी वर्गांत आहेत.

हे मला चूक करूनच शिकावं लागलं. एकदा "उद्या पाच झाडांची पानं आणावीत" असा मेसेज पाठवला. एका वडिलांकडून लगेच अंगठा आला. दुसऱ्या दिवशी त्यांचाच मुलगा रिकाम्या हाताने आला आणि कोपऱ्यात रडत बसला. वडील तारवटी, म्हणजे बोटीवर. अंगठा आला होता कुठल्यातरी समुद्रातून. आई औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला. पोर आजीजवळ, आणि आजीकडे बटणांचा फोन. आमच्या मागच्या परड्यात पन्नास झाडं आहेत हो बाई, म्हणाली आजी, पण मला सांगितलं कोणी?

तेव्हापासून कार्डावर एक रकाना वाढला: "संध्याकाळचा माणूस". निरोप त्याच्याकडे जातो, आईवडिलांना त्याची प्रत.

२. पहिले तीन महिने कसे जातील ते आधीच सांगून टाका

जुलै उजाडला की एक तक्रार येतेच: "बाई, अजून वही कोरी कशी? नुसती गाणी म्हणतात." तक्रार येण्याची वाट बघू नका. पहिलीची सुरुवात आता 'विद्याप्रवेश'ने होते. साधारण तीन महिने खेळातून मुलाची शाळेसाठी तयारी करायची, असा तो कार्यक्रम आहे. हे भाषणात सांगितलं तर कोणाच्या डोक्यात राहत नाही, करून दाखवावं लागतं.

पहिल्या सभेत मी पालकांसमोर चिंचोक्यांची वाटी ठेवते आणि म्हणते, अंगठा आणि पहिलं बोट, एवढंच वापरून एकेक चिंचोका दुसऱ्या वाटीत टाका. दोन मिनिटांत बोटं अवघडतात, हशा पिकतो. मग सांगते की पेन्सिल धरायला हीच पकड लागते आणि तुमच्या मुलाचे ते स्नायू अजून तयार व्हायचे आहेत. नंतर विचारते, 'कमळ' म्हणताना तोंडातून पहिला आवाज कोणता निघतो? अर्धी माणसं 'कमळ' असं पुन्हा म्हणतात. अक्षर ओळखण्याआधी आवाज सुटा करता यावा लागतो, हे तिथे आपोआप समजतं.

वर्षअखेर काय यायला हवं तेही त्याच दिवशी सांगा. 'निपुण भारत' या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेत पहिलीसाठी ठेवलेलं उद्दिष्ट सोपं आहे: चार-पाच सोप्या शब्दांचं छोटं वाक्य वाचता यावं, ९९पर्यंतचे आकडे वाचता-लिहिता यावेत. एवढं ऐकलं की शेजारच्या मुलाच्या तोंडपाठ पाढ्यांशी होणारी तुलना जरा थंडावते. जरा, पूर्ण नाही.

३. फाटकाजवळची तीन मिनिटं

शाळा सुटताना जी माणसं न्यायला येतात, त्यांच्याशी बोलण्याइतकं स्वस्त आणि खात्रीचं दुसरं काही नाही. पण ठरवलं नाही तर रोज त्याच तीन बोलक्या आयांशी बोलणं होतं. म्हणून हजेरीच्या क्रमाने रोज पाच मुलं घ्या आणि वहीत खूण करा. पंचवीसचा पट असेल तर आठवड्यात सगळे होतात. आमच्याकडे गावोगावी पट याहूनही लहान आहेत. मात्र तिथे बऱ्याचदा एकाच शिक्षकावर पहिली ते चौथी असते, म्हणून पाच जमत नसतील तर दोन घ्या.

प्रत्येकाला एकच वाक्य सांगायचं, पण ते डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचं. "हुशार आहे हो तुमची" यातून घरच्याला काहीच कळत नाही. "आज तिने 'घर' स्वतः जोडून वाचलं, पण 'घ' आणि 'ध' अजून एकमेकांत मिसळतात" यातून कळतं. आणि वाक्याच्या शेपटीला एक प्रश्न बांधून द्या: "घरी विचारा, घागर कोणत्या अक्षराने सुरू होते?" आता घरी "काय केलंस" ऐवजी "घागर" येते, आणि पोराचं तोंड उघडतं.

४. शुक्रवारचा कागद

आठवड्यातून एकदा अर्धं पान, त्याहून जास्त कोणी वाचत नाही. माझ्या कागदावर चारच गोष्टी असतात: या आठवड्यात काय झालं, घरी काय विचारा, पुढच्या आठवड्यात काय लागेल, सुट्टी कधी. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचा एक कागद जसाच्या तसा देते (माटोळी म्हणजे गणपतीच्या वर फळं-फुलं टांगायची चौकट):

"या आठवड्यात आम्ही वर्गात छोटी माटोळी बांधली. नारळ, सुपारीचा घोस, चिबूड, आंबाडे अशा वस्तू मोजल्या आणि जास्त-कमी लावलं. 'आ' आणि 'न' ही अक्षरं घेतली. घरी विचारा: आंबाडे जास्त होते की नारळ? किती जास्त? माटोळीतल्या कोणत्या वस्तूचं नाव 'न'ने सुरू होतं? सोमवारी घरच्या माटोळीतल्या कोणत्याही तीन वस्तूंची नावं सांगायला तयार राहावं, वस्तू आणायची गरज नाही."

शेवटचं वाक्य मुद्दाम घातलेलं. पूर्वी "वस्तू आणा" लिहायचे. मग कोणीतरी बाजारातून विकत आणायचं आणि ज्यांना परवडत नाही ती मुलं त्या दिवशी गैरहजर राहायची. घराला खर्चात पाडणारा निरोप पाठवायचाच नाही, हा माझा पक्का नियम.

याच कागदामुळे एक आजी सांगायला आली की तिच्या नातवाला रानातली वीसेक फळं नावानिशी ओळखता येतात. वर्गात तो मान वर करत नव्हता. पुढच्या आठवड्यात फळं मोजायचं काम त्याच्याकडे दिलं. खबर उलट दिशेनेही यावी म्हणून कागदाच्या तळाशी दोन रिकाम्या ओळी सोडा: "घरी आम्हाला दिसलं ते". पाचातल्या चार कागदांवर त्या रिकाम्याच परत येतात, तरी सोडा.

५. फोन वापरा, पण आवाज पाठवा

ज्या घरात मराठी वाचणारं कोणी नाही, तिथे लिहिलेला मेसेज म्हणजे नक्षी. चाळीस सेकंदांचा आवाज पाठवा, आणि घरात बोलतात त्या भाषेत: "आयज आमी माटोळेचीं फळां मेजलीं. ताका विचारात, आंबाडे चड काय नाल्ल चड?" (आज आम्ही माटोळीची फळं मोजली. त्याला विचारा, आंबाडे जास्त की नारळ जास्त?) मराठी शाळेच्या बाईंनी कोकणीत बोललं म्हणून मराठी बाटत नाही. उलट आजीला प्रश्न कळला तरच ती मराठी शब्दापर्यंत पोराला आणून सोडेल.

व्हॉट्सअॅप ग्रुप करायचा तर 'फक्त अॅडमिन मेसेज पाठवू शकतील' ही सोय पहिल्याच दिवशी लावा. नाहीतर तुमच्या सूचनेवर सुप्रभातची फुलं पडतात आणि सूचना खाली जाते. मला स्वतःला ब्रॉडकास्ट यादी जास्त आवडते. त्यात कोणाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही, आणि बऱ्याच आयांना ते हवं असतं. अट एकच: तुमचा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह असला पाहिजे, नाहीतर मेसेज जात नाही. पहिल्या सभेत समोर बसवून सेव्ह करून घ्या.

रेंजचं काय सांगायचं! लॉकडाऊनमध्ये सत्तरी आणि सांगेच्या काही गावांत मुलांना शिकण्यासाठी डोंगर चढावा लागला होता. म्हणून फळा सोडू नका. शाळेच्या फाटकाला एक आणि गावातल्या दुकानाजवळ एक. आणि पावसाळ्यात रात्री अचानक सुट्टी जाहीर झाली तर कोण कोणाला सांगणार, याची साखळी जूनमध्येच लिहून ठेवा. एकाने तिघांच्या दारात जायचं.

६. फोटो

एकट्या मुलाचा चेहरा पाठवू नका. हात, पाटी, माटोळी, रांगोळी पाठवा. १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती डिजिटल स्वरूपात वापरायला पालकांची संमती लागते, हे २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे. तेव्हा जूनच्या कार्डावरच सही घ्या, आणि कोणी नाही म्हटलं तर कारण विचारू नका.

७. वाईट बातमी

ही लिहायची नाही, बोलायची. एकदा मी घाईत ग्रुपवर टाकलं, "कालपासून वर्गात चावण्याचे प्रकार होत आहेत." नाव घातलं नव्हतं, पण गाव लहान. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं होतं कोण ते, आणि त्या पोराला घरी बदडलं गेलं होतं. माझ्या एका ओळीमुळे.

आता असं करते. महिन्याभरात त्या घराला किमान दोन चांगल्या गोष्टी सांगितल्याशिवाय तक्रारीचा फोन करत नाही. फोन संध्याकाळच्या माणसाला. काय पाहिलं ते सांगते, 'खोडकर', 'आळशी' असे शब्द नाहीत: "दोन दिवस रांगेत उभं असताना तो चावला. मागून ढकललं की त्याला सहन होत नाही असं दिसतं. मी त्याला रांगेत पुढे उभा करतेय. घरी ढकलाढकलीत काय करतो?" आणि शेवटी स्पष्ट सांगते, यासाठी त्याला मारू नका, तो माझ्यापासून लपवायला शिकेल.

"आयकना जाल्यार मारात ताका, टीचर, आमची ना म्हणणी ना" (ऐकत नसेल तर मारा त्याला, आमची ना नाही), असं प्रेमाने सांगणारे पालक अजूनही भेटतात. त्यांना शांतपणे सांगावं की शाळेत मारणं आणि मानसिक छळ, दोन्हींना कायद्याने बंदी आहे. तुम्ही परवानगी दिलीत तरी मला घेता येत नाही.

८. सभा

वेळ गावाप्रमाणे ठेवा, परिपत्रकाप्रमाणे नाही. फेब्रुवारीनंतर काजूचा मोसम. सकाळी सभा लावली तर खुर्च्या तेवढ्या येतात, माणसं रानात. शिगम्याच्या दिवसांत तर विचारूच नका.

सभेत मार्क वाचून दाखवू नका. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रत्येक मुलाकडून एका कागदावर आपलं नाव आणि एका माणसाचं चित्र काढून घ्या, तारीख घाला, पिशवीत ठेवा. सभेत जूनचा आणि नोव्हेंबरचा कागद शेजारी ठेवा. जूनमधल्या माणसाला डोक्यातूनच पाय फुटलेले असतात, नोव्हेंबरमध्ये त्याला पोट, बोटं आणि कधी कधी खिशातला मोबाइलही येतो. तुम्हाला फार बोलावं लागत नाही.

शुक्रवारच्या कागदाबद्दल एक राहिलं. तो दप्तरात घालू नका. दप्तर सोमवारी सकाळपर्यंत कोणी उघडत नाही, आणि मध्ये पावसाने वरून भिजतं. डब्याच्या पिशवीत घाला. डबा घरी पोचला की लगेच धुवायला निघतो, आणि तो धुणारा माणूस बहुतेक वेळा संध्याकाळचा माणूसच असतो.