विभव शून्य, म्हणून क्षेत्रही शून्य? या चुका टाळा

उथळ ट्रेमध्ये पाणी घ्या. त्यात १२ सेंमी अंतरावर धातूच्या दोन समांतर पट्ट्या उभ्या करा, त्यांना ६ व्होल्टची बॅटरी जोडा आणि मल्टीमीटरची काळी पिन ऋण पट्टीला लावा. (पाण्याजवळ घरच्या प्लगची वीज अजिबात आणू नका.) लाल पिन धन पट्टीपासून ४, ५ आणि ६ सेंमीवर बुडवली की रीडिंग साधारण ४.०, ३.५ आणि ३.० व्होल्ट यायला हवं. हे रीडिंग म्हणजे काळ्या पिनेच्या तुलनेत त्या बिंदूचं विभव. आता ५ सेंमीवर विद्युतक्षेत्र, म्हणजे तिथे एक कूलॉम प्रभारावर लागणारं बल, किती?

इथेच पहिली आणि सगळ्यात चिवट चूक होते: ३.५ भागिले ०.०५, उत्तर ७० व्होल्ट प्रति मीटर. खरं उत्तर ५० आहे. बिंदूच्या दोन्ही बाजूंची रीडिंग घ्या. ४.० वजा ३.० म्हणजे १.० व्होल्ट, अंतर ०.०२ मीटर. पटत नसेल तर काळी पिन ६ सेंमीच्या बिंदूवर न्या. रीडिंग होतील १.०, ०.५ आणि ०. पहिल्या रीतीने आता १० येतं, फरकाच्या रीतीने पुन्हा ५०च. पिन हलवल्याने पाण्यातलं क्षेत्र बदललेलं नाही, फक्त शून्य कुठे धरायचं ते आपण बदललं. क्षेत्र ठरतं ते अंतरागणिक विभव किती बदलतं यावरून.

ही सवय लागते कुठून? एकट्या बिंदुप्रभारापासून, म्हणजे एकाच बिंदूत एकवटलेल्या प्रभारापासून. तिथे विभवाला अंतराने भागलं की क्षेत्राचं मूल्य योगायोगाने बरोबर येतं, आणि विद्यार्थी तोच नियम सगळीकडे लावतात. दुसरा प्रभार आला की तो मोडतो.

प्रयोगात पिन उभी धरा. ती तिरकी झाली आणि २० मिमीच्या अंतरात २ मिमीचा फरक पडला, तर उत्तर १० टक्क्यांनी चुकतं. पट्टीला अगदी चिकटून रीडिंग घेऊ नका. तिथे बुडबुडे जमतात आणि विभवात वेगळीच उडी येते.

आता शून्याचा गोंधळ. +२ आणि −२ नॅनोकूलॉम हे प्रभार २० सेंमी अंतरावर ठेवा. मध्यबिंदूवर विभव +१८० आणि −१८०, बेरीज शून्य. क्षेत्र मात्र दोघांचंही ऋण प्रभाराच्या दिशेने, प्रत्येकी १८००, म्हणून एकूण ३६०० व्होल्ट प्रति मीटर. दोन्ही प्रभार धन केले की उलट होतं: विभव ३६० व्होल्ट, क्षेत्र शून्य. विभव म्हणजे उंची आणि क्षेत्र म्हणजे उतार असं समजा. पाचगणीचं टेबल लँड उंचावर आहे, पण सपाट आहे. तिथे ठेवलेला चेंडू घरंगळत नाही. बेरीज करतानाही भान ठेवा. विभव चिन्हासकट सरळ मिळवायचे असतात, क्षेत्रं दिशा पाहून.

गणितात विभव सूत्राने दिलं असेल, समजा ३क्ष² − ४क्ष (क्ष म्हणजे मीटरमधलं स्थान), तर आधी क्ष = २ घालून ४ व्होल्ट काढायचे आणि मग अवकलन करायचं, म्हणजे बदलाचा दर काढायचा, असं करू नका. स्थिरांकाचं अवकलन शून्यच येणार. आधी अवकलन करा, ६क्ष − ४, मग किंमत घाला, ८, आणि शेवटी उणे चिन्ह लावा: −८ व्होल्ट प्रति मीटर. याच सूत्रात क्ष = ० ला विभव शून्य आहे, पण क्षेत्र +४ आहे.

ते उणे चिन्ह विसरलं की दिशा उलटी होते. क्षेत्र नेहमी विभव कमी होत जाईल त्या बाजूला असतं. इलेक्ट्रॉनवर बल मात्र क्षेत्राच्या विरुद्ध, म्हणजे जास्त विभवाकडे असतं. तो ० वरून १०० व्होल्टवर गेला की त्याची स्थितिज ऊर्जा १.६ × १०⁻¹⁷ जूलने कमी होते. ऊर्जा वाढल्याचं उत्तर आलं, तर प्रभाराचं ऋण चिन्ह कुठे गळलं ते आधी शोधा.