मुंबई ते नागपूर किती लांब? आधी सांगा, कोणत्या वाटेने

मी भूगोल शिकवते. माहेर नागपूरचं, सासर कल्याणचं, त्यामुळे हा प्रश्न मला वर्गातही येतो आणि नात्यातही. उत्तरं तीन आहेत. रेल्वेने सीएसएमटीपासून ८३७ किलोमीटर, कारण गाडी मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा असा वळसा घेत जाते. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर, पण तो भिवंडीजवळच्या आमण्यापासून. तिथवर पोहोचायचं अंतर वेगळं धरा. आणि हवाई अंतर साधारण ६८५.

हे ६८५ मुलांकडून मी फळ्यावर काढून घेते. तुम्हीही कागद घ्या. मुंबई विमानतळ अंदाजे १९.१ अंश उत्तर, ७२.९ पूर्व. नागपूर २१.१ उत्तर, ७९.१ पूर्व. अक्षांशातला फरक २. एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, म्हणजे २२२. रेखांशातला फरक ६.२. इथे घाई नको! रेखांशाची अंतरं विषुववृत्तापासून ध्रुवाकडे आकसत जातात, आपल्या विसाव्या अक्षांशावर एक अंश साधारण १०४.५ किलोमीटरचा. ते झाले ६४८. आता पायथागोरस: दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. आलं ६८५.

आता वेळ. जेट विमान वर गेल्यावर ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास उडतं, म्हणजे ६८५ ला जेमतेम ५० मिनिटं. त्यात धावपट्टीपर्यंत सरकणं, चढणं, उतरणं, मुंबईवर आकाशात घिरट्या, यांची अर्धा-पाऊण तास भर घाला. तिकिटावर दीड तासाच्या आसपास दिसतं ते म्हणूनच. ती वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते.

पण निर्णय घ्यायचा तो घर ते घर हिशेबावर. कल्याणहून विमानतळाचा रस्ता, दोन तास आधी हजेरी, सामानाच्या पट्ट्यापाशी थांबणं, हे धरलं की दीड तासाचे सहज सहा तास होतात. आईला एकटीला यायचं असेल तर मी विदर्भ एक्स्प्रेसच सांगते: रात्री झोपायचं, सकाळी उतरायचं, आणि गाडी कल्याणलाच थांबते.

परदेशासाठी हा त्रिकोण वापरू नका. लांब अंतरावर पृथ्वीचा गोलपणा आड येतो. पृथ्वीगोलावर मुंबई-लंडन दोरा ताणून धरा: सुमारे ७,२०० किलोमीटर, आणि दोरा कॅस्पियन समुद्राकडे वर वाकलेला दिसेल. विमानं नेमकी त्या रेषेने जातातच असं नाही. युक्रेनचं आकाश २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे.

तिकिटावरच्या वेळा नेहमी त्या-त्या गावच्या असतात. मुंबईहून दुपारी १ ला निघून लंडनला संध्याकाळी ६ ला उतरणं म्हणजे पाच तास नव्हेत. हिवाळ्यात लंडन साडेपाच तास मागे, म्हणून प्रवास साडेदहा तासांचा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेचारच धरायचा. परतताना उलट, वजाबाकी करा. तो प्रवास सहसा थोडा लवकर संपतो, कारण उंचावरचे पश्चिमी वारे तेव्हा विमानाच्या पाठीशी असतात.