एकाच पिंपातली जुनी कोन्याक कशी चाखावी

कोन्याक ही फ्रेंच ब्रँडी बनवणारी मोठी घराणी अनेक लाकडी पिंपांतली ब्रँडी मिसळून दरवर्षी तीच चव जुळवतात. फ्रान्सच्या शारांत भागातल्या छोट्या द्राक्षबागायतदाराच्या एकाच पिंपातून भरलेल्या बाटलीत ही जुळवाजुळव नसते. पिंप संपलं की ती चवही संपली.

१. आधी लेबल वाचा. ग्रांद शांपान्य, बॉर्दरी, फँ ब्वा ही द्राक्षांच्या इलाख्यांची नावं (फसफसणाऱ्या शँपेनशी संबंध नाही). अल्कोहोल 40 टक्के असेल तर बहुतेक पाणी घालून उतरवलेली, 48.7 असा अडनिडा आकडा दिसला तर जवळजवळ पिंपातून थेट. वय मोजतात ते फक्त लाकडातलं. काचेच्या बुधल्यात पुढे चाळीस वर्षं ठेवली तरी ते वाढत नाही. रंगावर भुलू नका, कारण कॅरॅमल घालायला नियमानं परवानगी आहे.

२. ग्लास ट्यूलिपच्या आकाराचा घ्या. सिनेमातला तो फुगीर पोटाचा ग्लास तळहातावर तापवला की आधी अल्कोहोलच नाकात घुसतो. मुंबईच्या उन्हाळ्यात तर बाटलीच थोडा वेळ थंड जागी ठेवावी लागते. बर्फ नको.

३. 20 मिली ओता आणि थांबा. वयाच्या दर वर्षाला एक मिनिट, असा जुना ठोकताळा आहे. तीस वर्षांची असेल तर अर्धा तास. तेवढ्यात घरातली उदबत्ती विझवा, अत्तर लावलं असेल तर मनगट धुऊन या.

४. आता वास. खरं काम इथेच आहे. पहिल्यांदा ग्लास न हलवता, थोडा दुरून हुंगा: फुलं, जर्दाळू असं हलकंफुलकं काही येईल. मग एकदा गोल फिरवा. लाकडात बरीच वर्षं काढलेल्या कोन्याकमध्ये आता 'रांसिओ' सापडतो. शब्दाचा मूळ अर्थ चक्क खवट! पण हा खवटपणा हवाहवासा: जुना अक्रोड, अळंबी, सुकं अंजीर, जायफळ. पाच मिनिटांनी पुन्हा हुंगा, वास बदललेला असतो.

५. घोट अगदी छोटा. पहिला फक्त जिभेला सवय व्हावी म्हणून. मत दुसऱ्यावर बनवा. फार जळजळलं तर पाण्याचे दोन थेंब घाला, जास्त नको. गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते बघा.

६. ग्लास लगेच धुऊ नका. सकाळी रिकामा ग्लास हुंगा. अल्कोहोल उडून गेलेला असतो, लाकूड आणि सुका मेवा मागे उरतो.