कुत्र्याच्या पंजात कॅक्टसची बारीक कुसं: शेवटी काय चाललं

लक्षण असं: कुत्रा एकच पंजा सतत चाटतो, नाक जमिनीला घासतो, पण काटा दिसत नाही. घरात 'बनी इअर' कॅक्टस असेल तर कारण बहुधा तेच. त्याला लांब काटे नसतात, पिवळसर ठिपके असतात. एकेका ठिपक्यात केसांहून बारीक, उलट्या आकड्यांची शेकडो कुसं असतात.

पाण्याने धुतलं, फडक्याने पुसलं, सेलोटेप लावली. पुसल्याने कुसं मोडून आत राहिली, टेपला मोजकीच आली. फार वैताग झाला.

उपयोग झाला तो या क्रमाने. कुत्र्याला चाटू न देता एकाने धरायचं. बोटांमधले केस कातरायचे. टॉर्च आडवा धरायचा, म्हणजे कुसं चमकतात. दिसतील ते पुंजके चिमट्याने, घुसले त्याच रेषेत बाहेर उपसायचे. मग फक्त पंजाच्या उघड्या गादीवर फेव्हिकॉलचा पातळ थर, त्यावर गॉजचा एकच पदर. अर्ध्या तासात पूर्ण वाळल्यावर कडेपासून हळू सोलायचं. ओला असताना ओढलात तर कुसं तशीच राहतात. केसाळ भागावर गोंद नको. जीभ, हिरडी, डोळा यांत कुसं असतील तर हात न लावता थेट पशुवैद्य.

कुंडी उचलून ठेवणं पुरत नाही, गळलेली कुसं खाली पडतात; ही जात घरात नकोच. ख्रिसमस कॅक्टस ठेवा, तो बिनकाट्याचा आणि बिनविषारी. मात्र कॅक्टससारखं दिसणारं शेराचं झाड नको: खरचटल्यावर पांढरा चीक आला तर ती कुंडी बाहेर. त्या चिकाने तोंड आणि डोळे भाजल्यासारखे होतात.