मुलाचे पहिले केस कापताना खरी कसोटी कानापाशी

घरातली आणि नात्यातली मिळून सहा मुलं मी पहिल्यांदा केस कापायला नेली आहेत. दरवेळी कुणीतरी सांगतंच, "हातात मोबाइल द्या, त्याला कळणारसुद्धा नाही." कळतं. शिवाय मोबाइल बघायला मूल मान खाली घालतं, आणि आपल्याला नेमकी ती सरळ हवी असते.

झोप झालेली, पोट भरलेलं आणि सलूनमध्ये गर्दी नसलेली वेळ निवडा. सोबत बदलायचा शर्ट आणि रोजचं खेळणं घ्या.

घरात मात्र दोन दिवस आधीपासून शब्द जपून वापरा. 'कापलं' म्हणजे बोटातून रक्त येतं, हे दीड-दोन वर्षांच्या मुलाला ठाऊक असतं. म्हणून मी 'केस छोटे करायचे' म्हणते. 'दुखणार नाही हं' तर मुळीच म्हणू नका, त्यातलं 'दुखणार' तेवढं डोक्यात राहतं. आणि "हललास तर काका कान कापतील" असं चेष्टेतही कुणाला बोलू देऊ नका. ज्या माणसापुढे मुलानं निर्धास्त बसावं असं वाटतं, त्याचीच भीती घालून काय साधतं?

खुर्चीत तुम्ही बसा, मूल मांडीवर. अंगावर कापड घेऊ देत नसेल तर राहू द्या, शर्ट बदलता येतो. फवारा थेट तोंडावर नको, ओल्या हाताने केस भिजवा. कपाळावरचे केस हवेत त्यापेक्षा बोटभर लांब ठेवायला सांगा, वाळले की ते वर चढतात.

आता कान. बरेच कारागीर मागून सुरुवात करतात, कारण मुलाला मागचं दिसत नाही. कानापर्यंत येईतो त्याचा धीर संपलेला असतो. माझं ऐकाल तर आवाजाची सवय व्हावी म्हणून आधी टाळूवर चार-पाच वेळा कात्री चालवून घ्या आणि लगेच कानाकडे वळा. मागचे केस शेवटी.

माझ्या थोरलीच्या वेळी मला सांगितलं होतं, डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरा. मी धरलं. तिने सगळा जोर लावून मान फिरवली आणि कात्रीचं टोक कानाच्या वरच्या कडेला लागलं. रक्त थेंबभरच आलं, पण पुढे कित्येक महिने कंगवा दिसला तरी ती दोन्ही हात कानांवर ठेवायची. घट्ट धरलं की मूल सुटायला धडपडतं, म्हणून डोकं आवळून धरू नका. त्याचा एक गाल तुमच्या छातीला टेकू द्या, म्हणजे एक कान आपोआप झाकला जातो. कपाळावर तळहात नुसता ठेवा, दाबू नका. कारागिराला सांगा, कान बोटांनी पुढे दुमडून धरा. त्याचं स्वतःचं बोट कात्री आणि कानाच्या मध्ये असलं पाहिजे.

मशीन पहिल्या वेळी नकोच. कानाजवळ तिची घरघर कवटीच्या हाडातून थेट आत पोचते आणि बराच वेळ चालली की पातं तापतं. कात्री बरी. तीही मोजून: "एक, दोन, कच्!" 'कच्' मुलालाच म्हणू द्या, म्हणजे कात्री कधी चालणार हे त्याला आधी कळतं. दोन-तीनदा झालं की थांबा. खांदा कानाकडे उचलला गेला की कात्री लगेच लांब. मग "एवढं एकच राहिलंय" म्हणून पुढे रेटू नका.

एकच कान झाला आणि मूल रडू लागलं तर उठा, घरी या. दुसरा चार दिवसांनी करा. केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतात, वाकडेतिकडे कापलेले फार दिवस दिसत नाहीत. "त्यापेक्षा गोटाच करा, केस दाट येतील" हेही मनावर घेऊ नका. केसाचं मूळ त्वचेच्या आत असतं, वरून वस्तरा फिरवून त्याला काही फरक पडत नाही. वस्तऱ्याने कापलेल्या केसांची टोकं बोथट असतात, म्हणून ते राठ लागतात इतकंच.

झालं की मान कोरड्या मऊ कापडाने झटका, पुसू नका. ओल्या कापडाने केस चिकटतात. शर्ट तिथेच बदला. घरी अंघोळ घालताना कानामागच्या घडीत बोट फिरवून बघा, बारीक केस तिथेच अडकतात आणि रात्री टोचून मूल रडत उठतं.