सुरीच्या लाकडी मुठीला फिनिशिंग कसं द्यावं

लोहाराकडून करून घेतलेल्या सुरीचं पातं झकास असतं, पण मूठ बहुधा कानशीच्या खुणांसकट तशीच हातात पडते. ती घरीच घासून घेता येते.

आधी पात्यावर जाड पुठ्ठा गुंडाळून चिकटपट्टी लावा, कारण घासताना हात घसरतोच. नाकातोंडावर मास्क हवा. शिसवीच्या भुशाने काहींच्या अंगावर पुरळ उठतं.

आकार कानशीनेच पुरा करा. मूठ आवळून धरा, टोचेल तिथे पेन्सिलने खूण करा आणि तेवढंच काढा. मग पॉलिश पेपर 80, 120, 220 नंबरचे (नंबर वाढेल तसा पेपर बारीक) असे क्रमाने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवा. मधला नंबर गाळलात तर तेल लागताच जुने ओरखडे उठून दिसतात.

खरी गोम रिव्हेटपाशी, म्हणजे मूठ पात्याला जोडणाऱ्या पितळी खिळ्यांपाशी आहे. पितळ कठीण, लाकूड मऊ. बोटाने पेपर दाबून घासलं की रिव्हेटभोवतीचं लाकूड झिजून खळगा पडतो आणि पितळ वर राहून तळहाताला लागतं. म्हणून तिथे पेपर ठोकळ्याला गुंडाळूनच चालवा. फणसासारख्या फिकट लाकडात पितळेची काळपट पूड रंध्रांत बसते. ती कोरड्या ब्रशने लगेच झाडा.

220 झाला की ओलसर फडकं फिरवून मूठ वाळू द्या. दबलेले तंतू उभे राहून ती खरखरीत लागेल. आता 320 हलक्या हाताने फिरवा. ही पायरी टाळलीत तर सुरी पहिल्यांदा धुताच तीच खरखर हाताला लागेल.

शेवटी अळशीचं तेल. गोडेतेल नको, ते वाळत नाही, चिकट होतं. पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी जादा तेल पुसा, पूर्ण वाळल्यावर पुढचा हात. तीन हात पुरेत. हार्डवेअरच्या दुकानातलं बॉइल्ड लिनसीड (तेही अळशीचंच) लवकर वाळतं, घाण्याचं तेल सावकाश.

बेळगावच्या खानापूरकडच्या आषाढात मात्र हे काम काढू नका. तेल वाळता वाळत नाही, शिवाय ओलीने फुगलेलं लाकूड रिव्हेटच्या बरोबरीने घासलंत तर उन्हाळ्यात ते आकसतं आणि पितळ पुन्हा वर येतं. दिवाळीनंतर बसा.

तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटू शकतात. अंगणात पसरून वाळवा, मगच फेका.