कोरडं तोंड: मला कामी आलेले उपाय

तोंड कोरडं पडलं की हात आधी लिंबाच्या गोळीकडे जातो, बेळगावात तर कुंद्याच्या डब्याकडे. दातांचं नुकसान तिथेच होतं. लाळ आम्ल धुऊन काढते. ती आटली आणि तोंडातला पीएच (आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, विरघळू लागतं. कीड हिरडीलगत, दाताच्या मुळाशी धरते.

आधी औषधांची पिशवी पाहिली. सर्दीची सेट्रिझिन, झोपेआधीची अमिट्रिप्टिलिन, लघवीसाठीची ऑक्सिब्युटिनिन लाळ आटवतात. मनाने बंद करू नका. मात्रा बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

मोठा फरक पडला तो गुळणीने: ग्लासभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ, दर जेवणानंतर. अल्कोहोलवाला माउथवॉश बंद. त्याने तोंड आणखी सुकतं. पेस्ट 1000 ते 1500 पीपीएम फ्लोराइडची, ब्रश मऊ. रात्री फेस नुसता थुंकायचा, चूळ भरायची नाही. बहुतेक जण इथेच चुकतात, सगळं फ्लोराइड बेसिनमध्ये. मधल्या वेळेला झायलिटॉलचं, म्हणजे साखरेऐवजी वापरतात त्या गोड पदार्थाचं, च्युइंगम (कुत्रा असेल तर पाकीट उंचावर, त्याला ते विष).

निपाणीकडे मशेरी घरोघरी सापडते. लावली की लाळ सुटते म्हणून बरं वाटतं, पण हिरड्या सुटतात आणि कॅन्सरचा धोका वेगळाच.

कवळी रात्री काढून पाण्यात ठेवा, नाहीतर टाळूवर बुरशी येते. डोळेही कोरडे आणि सांधे दुखरे असतील, तर श्योग्रेनची (शरीराची प्रतिकारशक्तीच लाळ आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते तो आजार) तपासणी करून घ्या.